दाखवायचे हातमोजे

कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली, तशी मुकादमीण टोपली घेऊन आमच्या रांगेतून फिरायला लागली.

"चला, हातमोजे काढा. नीट घड्या घाला. पुढच्या पाहुण्यांना लागतील."

आम्ही काढले. शेठ दारात उभे होते. माझे हात बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "बरं झालं झाकले होते. हे हात बघून आमचा काजू कोण खाईल?"

सगळे हसले. मी मान खाली घालून पुढचा काजू यंत्रात धरला.

रत्नागिरीजवळच्या कारखान्यात मी काजू फोडते. टरफल फुटलं की त्यातलं तेल बोटांवर उडतं. आम्ही राख लावतो, खोबरेल लावतो. कातडी काळी पडते, सोलते, नवी येते तीही काळी पडते. रेशनच्या मशीनला माझा अंगठा सापडत नाही. हळदीकुंकवाला गेले तर हात पदराखाली. नशीब म्हणायचं आणि राबायचं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, तसे आमच्याकडे दाखवायचे हात वेगळे.

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. एके दिवशी कॉलेजातून फुगून आली.

"आये, सर केवढे वरडले माज्यावर! हातमोजे न घालता ॲसिडच्या बाटलीला हात लावलास, भाजलीस तर तुझ्या घरी काय सांगू, म्हणाले."

त्या दिवशी त्यांना कार्बॉक्सिलिक ॲसिडं शिकवली होती. ती सांगत होती, मी भात वाढत होते. कोकमाचा आंबटपणा त्यांतलाच, व्हिनेगर त्यांतलंच. मग तिने माझा हात धरला.

"ह्यात पन तेच गो. काजूच्या टरफलातलं तेल म्हंजे ॲसिडच. पायाच्या कुरपाला मलम लावतात ना, कातडी सोलनारं? त्यातल्या ॲसिडाचा हा भाऊबंद."

मला राग आला नाही. आधी दमल्यासारखं झालं. भाताचं पातेलं मांडीवर घेऊन तशीच बसले. पोरीने एका बाटलीला हात लावला तर सर घाबरले. मी रोज त्यातच हात घालते. माझ्या घरी काय सांगायचं, हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणालाच पडला नाही. मलासुद्धा. राग नंतर आला, सावकाश. तो गेला नाही.

आज पुन्हा पाहुणे आले. फोटो काढले, गेले. टोपली माझ्यासमोर आली.

"काढा."

"मी नाय काढायची."

शेठ धावत आले. "डोकं फिरलंय का तुझं? उद्यापासून येऊ नकोस."

"येनार. हेच घालून येनार. ह्या तेलात ॲसिड हाय, शेठ. तुमाला म्हायती हाय."

शेठ वळून कचेरीत गेले. शेजारणीने एक हातमोजा काढला होता. तिने तो परत घातला.

मी फोडत राहिले. संध्याकाळपर्यंत हातमोजे काळेकुट्ट झाले. कुठल्या पाहुण्यापुढे दाखवण्याजोगे राहिले नाहीत. ते मी घरी आणलेत. उद्या फाटक लावून घेतलं, तर बाहेर बसेन, हेच घालून. उघड्या हाताने आता एकही काजू फोडणार नाही.