अर्कबाईंचा पिवळा रंग

आमच्या थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे अर्कबाई म्हणतात. एक तर त्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क काढतात, आणि दुसरं म्हणजे त्या स्वतःच एक नंबरचा अर्क आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुझ्या माहेरी कुंपणाला काय काय उगवतं?" मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते.

काम मात्र चोख. पानं सावलीत वाळवायची, कुटायची, स्पिरिटमध्ये भिजत घालायची, गाळून आटवायची. तळाशी जो काळपट चिकटा उरतो तो अर्क. मग त्याच्या परीक्षा. पहिलीत एका जांभळ्या द्रवात अर्काचे थेंब टाकतात. जांभळा जाऊन पिवळा आला, तर पानात अँटिऑक्सिडंट भरपूर, म्हणजे पेशींना गंज चढू न देणारा गुण. दुसरीत बघतात, अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात का. आमच्याच परसातल्या एका कडू झुडपाने दोन्हीकडे बाजी मारली, आणि बाईंचा पाय जमिनीवर ठरेना. जेवताना सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला.

"बघा आई, हा पिवळा रंग म्हणजे पानाची ताकद. आणि याच अर्काने कॅन्सरच्या पेशी पटापट मेल्या."

आई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना स्वतःलाच कॅन्सर. किमो चालू होती, गुणही येत होता, पण दर खेपेनंतर बिचाऱ्या पार गळून जायच्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप त्या झुडपाकडे मोर्चा वळवला. रोज सकाळी पानं उकळायची, पाणी पिवळं झालं की गाळून प्यायचं. पुढच्या किमोची वेळ आली तेव्हा शांतपणे जाहीर केलं, "मी काही आता दवाखान्यात जायची नाही. सून घरात शोध लावतेय, मी बाहेर कशाला हाल करून घेऊ?"

माझं डोकंच फिरलं. आईंचे दोघे मुलगे समजावून थकले. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, आत्ता खंड पडला तर आजवरचं सगळं पाण्यात जाईल. आई ढिम्म. शेवटी मी जाऊबाईंना तोंडावर सुनावलं, "आग तुम्ही लावलीत, आता तुम्हीच विझवा."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या त्यांना माझ्याकडे घेऊन ये. बोलून उपयोग नाही, दाखवते."

प्रयोगशाळेत आईंना पांढरा कोट चढवावा लागला. बाह्या हाताच्या पार खाली. तरी त्यांचा तोरा असा, की पाहणी करायला आलेल्या मोठ्या साहेबच जणू. जाऊबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि समोर दोन पारदर्शक ताटल्या ठेवल्या. प्रत्येकीत बारीक बारीक खळगे. कडेचे थोडे जांभळे, बाकी सगळे पिवळे.

"दोन्हीकडे पिवळं झालंय गं," आई खुलल्या. "चांगलीच ताकद आहे की."

"आई, ही परीक्षा वेगळी. इथे रंग मुळात पिवळाच घालतात. पेशी जिवंत असल्या तर त्या त्याचा जांभळा करतात. कडेच्या खळग्यांत अर्क घातलेला नाही, म्हणून त्या जगल्यात. इथे पिवळं म्हणजे मेलेलं."

"मग मेल्याच ना कॅन्सरच्या?"

"या ताटलीत कॅन्सरच्या. ही दुसरी ताटली निरोगी मूत्रपिंडाच्या पेशींची."

आई वाकून दुसऱ्या ताटलीकडे बघत राहिल्या. "या चांगल्या होत्या?"

"चांगल्या होत्या. आमच्या अर्काला अजून आपलं-परकं कळत नाही. त्या दिवशी फुशारकीच्या नादात मी अर्धंच सांगितलं, चूक माझी. आणि तुम्ही उकळून पिताय ते पोटात काय करतंय, हे मलाही माहीत नाही. मलाच माहीत नाही, तर तुम्ही कुणाच्या भरवशावर पिताय?"

आवाज जराही हलला नाही बाईंचा. मला भीती, आता आई रडणार. पण आईंनी सरळ विचारलं, "याला आपलं-परकं शिकवता येईल?"

"येईल. त्यातला नेमका कुठला घटक मारतो ते वेगळं काढायचंय. मी काढणार."

"कधी?"

जाऊबाईंनी आईंचा हात हातात घेतला. म्हणाल्या, "तुम्हाला उपयोगी पडेल इतक्या लवकर नाही, आई."

असं कुणी तोंडावर सांगतं का? पण दुसरं काही सांगितलं असतं तर आई पुन्हा त्या झुडपाकडे वळल्या असत्या, हेही मला तिथल्या तिथे कळलं.

आईंनी कोट काढला. व्यवस्थित घडी घालून जाऊबाईंच्या हातात दिला.

"चल गं धाकटे, दवाखान्यात सोड मला," त्या म्हणाल्या. जाऊबाई पर्स घ्यायला वळल्या तशा आईंनी त्यांना अडवलं. "तू कुठे निघालीस? तू बस कामाला."