आईच्या साखळीतला सांधा

थोरली नोकरीतून निवृत्त झाली आणि चांदीकाम शिकायला लागली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं. सगळा जन्म कचेरीत टायपिंग करण्यात गेलेली बाई, हातात कधी पक्कड धरली नाही, आणि आता म्हणे दागिने घडवणार! पण तिला कुठे दागिने घडवायचे होते? तिला एका साखळीच्या दोन करायच्या होत्या, बस्स.

साखळी आईची. आई गेली आणि ती कुणी ठेवायची यावरून दोघी बहिणींची जुंपली. बोलू नये ते बोलून झालं. धाकटी तरातरा निघून गेली ती गेलीच, आणि मग दोघींमध्ये विस्तव जाईना. साखळी राहिली थोरलीच्या कपाटात. एकटीच्या घरात ती तिला कपाटाच्या दाराआडूनही टोचायची. मधोमध तोडावी तर अर्धी साखळी कुणाच्याच गळ्याला पुरली नसती. आटवून बारीक तार ओढली तर मात्र दोन होतील, असं बाजारामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं. "मग मला शिकवा," थोरली म्हणाली. "भांडण मी केलंय, निस्तरणार पण मीच." हट्टीपणात तिचा हात कोण धरणार!

म्हातारा एक नंबरचा खडूस. किती तरी महिने त्याने तिला चांदीला हात लावू दिला नाही. तांब्याची तार तापव, जंतरातून ओढ, पुन्हा तापव. जंतर म्हणजे भोकाभोकांची पोलादी पट्टी. तार दर वेळी आधीपेक्षा बारीक भोकातून ओढायची. थोरलीच्या तळहातांना घट्टे पडले, बोटं भाजली. "बाई, हातोडी आहे ती, टाईपरायटर नाही," म्हातारा टोमणे मारायचा. पण शिकली ती. कड्या वळायला, सांधे जोडायला, तापलेल्या चांदीचा रंग ओळखायला शिकली. मग तिने धाकटीला फोन लावला. "साखळीच्या दोन करतेय. तुझी तू येऊन घेऊन जा." धाकटी म्हणाली, "रविवारी येते." त्या दिवशी थोरली पोटभर जेवली.

साखळी आटवायच्या आधी म्हाताऱ्याने ती भिंगाखाली धरली. साखळी मानेमागे अडकवायच्या फाशाजवळच्या कडीवर एक करडा ठिपका होता. "हे शिसं आहे. कुणी जोडली ही?"

"बाबांनी," थोरली म्हणाली. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. धाकटी रांगत होती तेव्हा आईच्या गळ्यात लटकून तिने साखळी तोडली, आणि बाबांनी ती रेडिओच्याच सोल्डरने जोडली. थोरलीला तो वासही आठवत होता.

"एवढ्या दोन-तीन कड्या कापून बाजूला काढा," म्हातारा म्हणाला. "शिसं चांदीत उतरलं की चांदी ठिसूळ होते. मग ती इथे कुणाच्या बापाच्याने सुधरायची नाही." आणि तो चहा प्यायला गेला.

थोरलीने कातर उचलली, पण मन धजेना. बाबांच्या हातचं तेवढंच तर उरलं होतं. आईने ती साखळी त्या ठिपक्यासकट जन्मभर वापरली, आणि आपण तो भाग कापून काढायचा? त्यापेक्षा दोघींच्या साखळीत बाबाही थोडे थोडे येऊ देत, असं तिच्या मनात आलं. एवढासा ठिपका, त्याने काय होणार आहे! आणि इतके महिने शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवून तिने अख्खी साखळी मुशीत टाकली.

चांदी वितळली छान. कांडी ओतली, ती हातोडीखाली आली आणि कडेने चिरली. पुन्हा आटवली, पुन्हा चिरली. तार निघेचना, जंतरात शिरायच्या आधीच वाळक्या काटकीसारखी मोडायची. म्हाताऱ्याने एक तुकडा उचलून पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, आणि कधी नव्हे तो टोमणा मारला नाही. "मोठ्या भट्टीत शुद्ध करून मिळेल," तो म्हणाला, "पण तिथे सगळ्यांची चांदी एकत्र आटवतात. परत येईल ती तुमच्या आईची नसेल."

रविवारी धाकटी आली. केस पांढरे झाले होते तिचे. थोरलीने चिरलेली कांडी टेबलावर ठेवली आणि साखळी आपल्या हातून वाया गेली, एवढंच सांगितलं. आता ही तोंडाला येईल ते बोलेल, तरातरा उठून जाईल, म्हणून ती मान खाली घालून बसली.

"बाबांचा सांधा तेवढा काढून ठेवलायस ना?" धाकटीने विचारलं.

थोरलीने कांडीकडे बोट दाखवलं. "तोही यातच आटवला."

"ताई, मला तेवढाच हवा होता गं. मीच तोडली होती ना ती. बाकीची साखळी तुला ठेव, हेच सांगणार होते आपण भांडलो त्या दिवशी. तू बोलू कुठे दिलंस?"

थोरलीला हुंदका आवरला नाही. एकदा कातर चालवली असती, तर दोघींना हवं ते मिळालं असतं. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण ती उठूनही गेली नाही. कांडी हातात घेऊन ती उलटीपालटी करत राहिली.

"यात कुठे असेल गं तो?"

"सगळीकडे आहे," थोरली म्हणाली. "म्हणूनच तर मोडतेय."