बाबांच्या कबरीतली जागा

माझ्या दादाला देवाने शिक्षा करावी, म्हणून मी बारा वर्षं रोज सकाळी प्रार्थना केली. खोटं कशाला बोलू? फार मोठं काही मागितलं नाही. गुडघे धरावेत, जिना चढताना धाप लागावी आणि मुलाने फोन उचलू नये, एवढंच. "आमेन" म्हणायचे आणि चहा टाकायचे.

कारण सांगते. आमच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आता नवी जागा मिळत नाही. ठराविक मुदत उलटली की जुनी कबर उघडतात आणि तिच्यात घरच्याच माणसाला ठेवतात. कबर ज्याच्या नावावर असेल, त्याची सही लागते. आईची कबर दादाच्या नावावर होती, आणि बाबांची इच्छा एकच, आपण आईपाशी जायचं. कर्वेनगरच्या माझ्या फ्लॅटमध्ये बाबा माझ्याकडेच राहायचे. तिथे त्यांनी दादाचा हात हातात घेऊन वचन मागितलं. दादा म्हणाला, "अहो बाबा, हे काय सांगायला हवं का?"

सांगायला हवं होतं. त्याच वर्षी वहिनीची आई वारली, आणि ह्या माणसाने सही करून तिला आमच्या आईच्या कबरीत ठेवलं! मला कळलं ते थेट स्मशानभूमीच्या फाटकाशी. जाब विचारला तर म्हणतो, "प्रसंगच तसा होता गं. तुझी वहिनी रडत होती." वहिनी रडत होती! मग बाबा काय हसत होते? केसाने गळा कापला त्याने आमचा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी बाबा गेले तेव्हा आईची कबर उघडता येईना, मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेली. मी चर्च-मंडळीच्या पंचांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे भिंतीलगत, नळाशेजारी एक तुकडा मिळाला. बारा महिने चिखल. पण तो मी माझ्या नावावर करून घेतला. माझं लग्न झालेलं नाही, सासरची कबर वगैरे भानगड नाही. तेव्हाच ठरवलं, आईपाशी नाही तर नाही, पण बाबा एकटे राहायचे नाहीत. माझी वेळ आली की मी त्यांच्यापाशी जाणार. सबंध आयुष्यात मला हवी होती अशी ही एवढीच जागा.

एक गोष्ट मात्र राहिली. जाण्याच्या आदल्या दिवशी बाबांनी माझ्याकडूनही वचन घेतलं होतं. "दादा कधी काही मागायला तुझ्या दारात आला, तर त्याला रिकामा पाठवू नकोस." त्यांना श्वास लागला होता, वाद घालायची ती वेळ नव्हती. मी "बरं" म्हटलं. त्या "बरं"ला तेव्हा मी काडीची किंमत दिली नाही.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला वचनांची परडी फिरते. देवाचं एकेक अभिवचन लिहिलेली कार्डं असतात त्यात. प्रत्येकाने एक उचलायचं आणि वर्षभर घरात लावायचं. उचललेलं कार्ड टाकून द्यायचं नाही, हा रिवाज. ही कार्डं मीच लिहिते. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून अक्षर बरं झालंय. सगळी गोड गोड लिहायची. तुला सोडणार नाही, तुझे डोळे पुसीन, अशी. यंदा मात्र मी एक वेगळं लिहिलं. देवाच्या डोंगरावर कोण राहील, तर जो दिलेला शब्द स्वतःचं नुकसान झालं तरी फिरवत नाही तो, अशा अर्थाचं. ह्यात अभिवचन कसलं? दादाच्या थोबाडीत द्यायची होती मला, तीही देवाच्या हाताने.

परडी मीच घेऊन फिरत होते. दादाच्या बाकाशी आले तेव्हा ते कार्ड सगळ्यात वर काढून ठेवलं. त्याने हात पुढे केला, आणि नेमके पाळकसाहेब मागून म्हणाले, "बाई, दरवर्षी तुम्ही उरलेलं घेता. आज आधी तुमचं." आणि वरचं कार्ड उचलून माझ्या हातात ठेवलं की हो! वर म्हणतात, मोठ्याने वाचा. वाचलं. दादाची मान खाली गेली. म्हटलं, चला, ऐकलं तर खरं. देव पावला. घरी येऊन कार्ड फ्रिजवर लावलं.

गेल्या महिन्यात दुपारी बेल वाजली. दारात दादा. लिफ्ट बंद होती, चार जिने चढून त्याला बोलता येईना. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर. माझ्या बारा वर्षांच्या प्रार्थनेचं फळ समोर उभं होतं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"डॉक्टरांनी हात टेकलेत," तो म्हणाला. वहिनी गेल्या वर्षी वारली, ती तिच्या आईपाशी, म्हणजे आमच्याच आईच्या कबरीत. ती पुन्हा बंद. "मला लोणी काळभोरच्या पुढे कुठेतरी जागा देतायत. मुलगा परदेशात, फोन उचलत नाही. तिकडे कोण येणार गं? बाबांच्या कबरीची मुदत यंदा संपली. सही देशील?"

ह्याच क्षणासाठी मी वाक्य घोटून ठेवलं होतं. म्हटलं, "आईच्या कबरीच्या सहीच्या वेळी मला विचारलं होतंस?"

"नाही," तो म्हणाला. "मी बाबांना फसवलं. त्यांची माफी मागायचीय. जवळ गेल्याशिवाय कशी मागू?"

मी तडक उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे फ्रिजवर ते कार्ड, माझ्याच वळणदार अक्षरात. आणि कानात माझंच "बरं". दादा आत गेला की मुदत पुन्हा सुरू, दहा-बारा वर्षं कबर बंद, आणि मी सत्तरीची. म्हणजे बाबांपाशी मी कधीच जाणार नाही.

आयुष्यभर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलं, माणूस शब्द फिरवतो, देव फिरवत नाही. तेव्हा लक्षात आलं नव्हतं की तुला सोडणार नाही हे वचन त्याने दादालाही दिलंय! आणि ते पाळायला त्याला सही माझी हवी होती. असा संताप आला की कप फोडावासा वाटला.

सही केली. प्रेमाने नाही, दात ओठ खाऊन केली. दादा रडायला लागला. म्हटलं, "रडू नकोस, सावकाश उतर."

तो गेल्यावर चहा टाकला आणि तिथेच ओट्याशी उभी राहून प्रार्थना केली. म्हटलं, देवा, पित्याच्या घरी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो, असं तू म्हणाला होतास. इथली माझी होती ती मी देऊन टाकली. आता तुझी मला लागणार आहे. आणि हे बघ, दादाच्या अगदी शेजारी देऊ नकोस. मधे बाबांना ठेव.