हाराच्या फोटोसाठी एक रिलीज कॉर्ड

किस्से फिल्मच्या रिकाम्या डब्यांसारखे साचतात. आत फारसं काही नसतं, पण टाकवतही नाहीत. गुरप्पाच्या घरी अशा डब्यांत वहिनी लवंगा आणि मोहरी ठेवतात. कुठल्या डबीत काय, हे त्यांना झाकण न उघडता कळतं. मला उघडूनही खात्री नसते. तेव्हा सांगताना क्रम इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या.

आमचं टोळकं तिघांचं. गुरप्पा मूळचा अक्कलकोटकडचा. सोलापुरात जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला. यूसुफभाई रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. आणि मी, फिजिक्समध्ये पीएच.डी. केलेला, कॉलेजात शिकवून दमलेला, घराला लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघायला कोपऱ्यावरून परत येणारा. रविवारी सकाळी आम्ही गुरप्पाच्या घराच्या पुढच्या खोलीत, त्याच्या बंद पडलेल्या स्टुडिओत बसतो. गेलं वर्षभर विषय एकच: त्याच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची रिलीज कॉर्ड. म्हणजे एक लांब वायर. एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला बटण. लांब बसून बटण दाबलं की फोटो निघतो आणि कॅमेऱ्याची मोटर फिल्म आपोआप पुढे सरकवते.

निघायला हवा, असं म्हणू.

*

सुरुवात अशी झाली. चहा पिता पिता गुरप्पानं जाहीर केलं, "मला माझा हाराचा फोटो काढायचाय."

यूसुफभाईंना ठसकाच लागला!

"खोकू नका. जन्मभर लोकांचे केले मी. माणूस गेला की पोरं येतात, लग्नातला ग्रुप फोटो घेऊन. 'ह्यातलं आमच्या अण्णाचं डोकं तेवढं मोठं करून द्या.' एकाच्या तोंडात जिलबी होती ओ! तसाच हार घातला त्याला. माझं असलं नको. माझा मीच काढणार. फिल्मवर, माझ्या हातानं."

"पण घाई काय आहे?" मी विचारलं.

"मला न्हाई, सर. हाताला हाय."

त्याचा उजवा हात तेव्हा थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आणि हे वाढत जाणार हेही सांगितलं होतं. बशीत सांडलेल्या चहाकडे बघत तो म्हणाला, "एक फायदा हाय. साखर ढवळाय लागत न्हाई!"

आम्ही हसलो. मग बराच वेळ कोणी कप उचलला नाही.

*

पहिल्याच रविवारी कॉर्ड चालेना. गुरप्पा पांढरा शर्ट घालून, भस्माची बोटं ओढून खुर्चीत बसला. बटण दाबलं. काही नाही.

मी सेल बदलले. खोडरबरानं पिना घासल्या. वायर हलवून बघितली, उलटी लावून बघितली. विद्यार्थ्यांना सांगायचो तसं एकेक शक्यता बाद करत गेलो. दुपार झाली. शेवटी मी म्हणालो, "मोटर गेली, गुरप्पा." मलाच रडू येईल असं वाटलं.

गुरप्पा उठून आला, चष्मा कपाळावर चढवून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि एक चकती फिरवली. मोटर लगेच घरघरली.

"लॉक होतं की! सेल उतरू नयेत म्हणून मीच केलतं, सकाळी."

"मग सांगायचं नाही का?"

"तुमी इतकं मन लावून तपासत होता, सर. मला वाटलं, तपासणीत तेबी असंल!"

*

मग प्लगजवळ वायर खरंच आतून तुटली. आता कॅमेराच जुना, नवी कॉर्ड कुठून मिळणार? मी दारावरच्या बेलचं बटण आणून लांब वायरला जोडलं आणि खुर्चीच्या हाताला चिकटवून टाकलं. तात्पुरतं.

तेवढ्यात शेजारच्या कमळाबाई वहिनींना भेटायला आल्या. आम्ही आतल्या खोलीत. स्टुडिओत कोणी नाही. बाई खुर्चीत टेकल्या, हाताशी बेल दिसली, दाबली. कोणी येईना. पुन्हा दाबली.

फिल्म धुतली तेव्हा बाई सुरेख आल्या होत्या. चेहऱ्यावर खिडकीचा उजेड, नजर दाराकडे, कोणाची तरी वाट बघणारी.

"या अल्ला," यूसुफभाई म्हणाले, "हार का फोटो तो इन का हो गया!"

बाईंनी प्रिंट मागून नेली. अजून ठणठणीत आहेत. आम्हाला बघितलं की रस्ता बदलतात.

*

मूळची कॉर्ड मी पुन्हा डाख देऊन जोडली. आता नवाच दोष आला. गुरप्पा बटण एकदा दाबायचा आणि कॅमेरा खाडखाड चार-पाच फोटो काढायचा. दोन रोल असेच वाया गेले. त्या फोटोंत गुरप्पाचं तोंड उघडं, कॅमेऱ्याला शिव्या देताना. जिलबीवाल्यापेक्षा वाईट!

मी मल्टीमीटर आणला. कॉर्डच्या पिनांना लावला. बटण दाबलं की त्यानं एकदा 'बीप' म्हणायचं. मी दाबलं: बीप. यूसुफभाईंनी दाबलं: बीप.

गुरप्पानं दाबलं. बीप, बीपबीप, बीप, बीपबीपबीप.

"ये तो तारघर हो गया," यूसुफभाई बोलून गेले, आणि जीभ चावली.

कॉर्ड ठीक होती. अंगठा बटणावर टिकत नव्हता. मीटर माझ्या हातात होता, म्हणजे दोषाचं निदान मीच सांगायचं होतं. दोघं माझ्याकडे बघत होते. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या होत्या.

"आत कुठेतरी वायर सुटी आहे," मी म्हणालो.

"हौ, हौ! सुटी है!" यूसुफभाई.

गुरप्पानं कॉर्ड गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. "मग करा दुरुस्त, सर."

*

त्यानंतर मी दर आठवड्याला ती कॉर्ड घरी नेऊन दुरुस्त करू लागलो. म्हणजे काय करायचो? उघडायचो, बघायचो, पुन्हा बंद करायचो. झोप लागायची नाही. कारण चुकीचं आणि उत्तर बरोबर, अशा पेपरांना मी कधी मार्क दिले नाहीत. इथे तर दोन्ही चुकीची!

रविवारी गुरप्पा विचारायचा, "काय निघालं?"

"थोडा गंज होता."

"गंज व्हय," तो म्हणायचा. "वयानं चढतोच."

कधीकधी वाटायचं, त्याला कळलंय. कधी वाटायचं, नाही. हाताची थरथर मात्र वाढत चालली होती. शर्टाची बटणं आता वहिनी लावायच्या.

*

शेवटी मला एक युक्ती सुचली. कॉर्डच्या मधोमध काडेपेटीएवढी डबी बसवली. आत साधं सर्किट: पहिल्या दाबाला फोटो काढायचा, मग काही सेकंद बहिरं व्हायचं. अंगठा कितीही नाचू दे, एक दाब, एक फोटो. पीएच.डी. अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडली, असं वाटलं.

गुरप्पानं दाबलं. खट. एकच!

यूसुफभाईंनी टाळी वाजवली. गुरप्पा हसला नाही. त्यानं पुन्हा दाबलं. मग डबी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसला.

"ह्यो फोटो ही डबी काढतीया, सर. मी न्हाई."

"गुरप्पा, दाबतोस तूच—"

"माझा हात ऐकू येऊ नये म्हणून हिला बहिरी केली की तुमी." आवाजात राग नव्हता. "बीप मलाबी ऐकू आलतं त्या दिवशी. कान चांगले हायेत माझे."

मी माफी मागायला लागलो. त्यानं हात वर केला. तोही थरथरतच वर आला. "इरली बिडी," असू द्या, सोडा, असं कन्नडमध्ये म्हणाला. "काढा ती डबी."

*

डबी काढली. गुरप्पा कॅमेऱ्यापाशी गेला, चकती सलग फोटोंवर फिरवली आणि शटर मुद्दाम मंद ठेवलं. खुर्चीत येऊन बसला. खिडकीतून ऊन येत होतं. वहिनींनी त्याची कॉलर सारखी केली आणि बाजूला झाल्या.

त्यानं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. थांबत, अडखळत, पुन्हा धावत मोटर सगळी फिल्म खाऊन गेली. शेवटी नुसती घरघर राहिली. आम्ही कोणी त्याच्या हाताकडे बघितलं नाही. तो बघत होता.

पुढच्या रविवारी सगळे फोटो टेबलावर मांडले. बरेचसे छान होते: ताठ मान, शांत डोळे. यूसुफभाईंनी त्यातला एक उचलला. "ये देख गुरप्पा, एकदम नवाब!"

गुरप्पानं तो खाली ठेवला. भिंग घेऊन एकेक बघत राहिला. मग कडेचा एक बोटानं पुढे सरकवला. त्यात तो खाली, हाताकडे बघून हसत होता. हाताच्या जागी नुसता पांढरा धूर आणि खांद्याची कड पुसलेली.

"हाच मोठा करायचा," तो म्हणाला.

वहिनी वाकल्या. "अहो, हा हललाय की."

"म्हणून तर. बाकीच्यांत मी आत्ताच गेल्यागत दिसतोय. ह्यात हलतोय की!"