मोजणारा एकच

मारोतरावांना आमच्या प्रयोगशाळेत कोणी इंजिनियर म्हटलं नाही, आणि त्यांचाही तसा आग्रह नव्हता. सोल्डरिंग मात्र असं करायचे की माझ्यासारख्या पदवीवालीने मान खाली घालावी. घर विणकरांचं. बायको पुष्पलताबाईंसोबत वीस वर्षं करवती काठाची पातळं विणली, माग बंद पडला आणि ते आमच्याकडे मदतनीस म्हणून आले. नोकरी अर्थात काम असेपर्यंतचीच.

१९८८ साली सावनेरकडच्या एका कोळसा खाणीच्या पंख्याची थरथर मोजायचं काम येऊ घातलं. सोळा सेन्सर, आठांच्या तारा कॉम्प्युटरमधल्या एका कार्डाला, आठांच्या दुसऱ्याला. दोन्ही कार्डं अगदी बरोबरीने मोजतात हे दाखवलं तरच काम मिळणार होतं. नाही तर मारोतराव घरी.

चाचणी साधी होती. लोखंडी दांड्यावर हातोडी मारायची, दहा मिनिटांनी पुन्हा मारायची. दोन्ही कार्डांच्या आलेखांत दोन्ही ठोके एकाच जागी दिसायला हवेत. आमचा पहिलाच ठोका जुळेना. मी एक तार जोडून दोन्ही कार्डांना एकदम सुरू व्हायला लावलं आणि स्वतःवर जाम खूश झाले. पहिला ठोका जुळला. दुसरा सरकला. मग मी कार्ड बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मारोतराव शांतपणे चहा पीत होते. "शोभाताई, हे दोघंही मोजून राहिले का?"

"दोघांनाही आपापलं घड्याळ आहे. मोजणारच."

"मंग काठ वाकडाच येनार. करवती काठाले मागावर दोघं बसतो आमी. नवं लगन झालं तवा मीबी धागे मोजाचो, बायकोबी मोजे. हातभर पातळ वाया गेलं. मंग मायनं सांगतलं, मोजनारा एकच. तवापासून बायको मोजते, मी तिच्या बोलावर धोटा टाकतो."

मी कप ठेवून उठले. दुसऱ्या कार्डाचं घड्याळ आम्ही बंद केलं. पहिल्याच्या घड्याळाचा ठोका दुसऱ्याला पोचवणारी आणखी एक तार मारोतरावांनी जोडली. हातोडी पडली, दहा मिनिटांनी पुन्हा पडली. दोन्ही कागद एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. रेषेवर रेष बसली होती. पदवी मिळाली तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

काम मिळालं, मारोतराव राहिले. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी ते पुष्पलताबाईंना मुद्दाम घेऊन आले. बाईंनी कमरेवर हात ठेवून दोन्ही कार्डं न्याहाळली.

"याच्यातलं मोजते कोनतं?"

मारोतरावांनी पहिलं दाखवलं.

"अन् हे दुसरं?"

"ते नुसतं आयकते."

"एका दिवसात शिकलं?" नवऱ्याकडे बघत त्या म्हणाल्या. "तुमाले तं सहा महिने लागले होते."