औंढ्याची कुर्डू आणि पपांचं दुकान

आज पपांची पुण्यतिथी. मी फोटोला हार घातला नाही.

सकाळपासून मला शेजारच्या औंढे गावची सारजामावशी आठवते आहे. सत्तरच्या दशकात तुंगार्लीला आमच्या दारावर ती रानभाजी घेऊन यायची.

तिच्यासारख्या खुरपायला जाणाऱ्या बायका तणातलं खाण्याजोगं निवडून पदरात बांधून आणत. कुर्डू, टाकळा, घोळ. शेत स्वच्छ व्हायचं आणि चुलीवर भाजी चढायची.

मी शाळेतून आले की मावशी विचारायची, "बेबी, कानवेंटात कुर्डू देत्यात का गं?"

"नाही. ब्रेड-जॅम."

"मंग येवढी फी कशाची घेत्यात?"

पपांचं बाजारात बियाणं-खतांचं दुकान होतं. एका पावसाळ्यात त्यांनी तणनाशक विकायला आणलं. फवारलं की खुरपणी नको. बायकांची मजुरी गेली.

मावशी मात्र फवारणी झाली की त्याच दिवशी त्या बांधावर पोचायची. उद्या सगळं सुकणार, मग आजच खुडून घेतलेलं बरं. खायची वस्तू वाया कशी घालवायची?

तिनं पपांना विचारलं होतं. आमच्याच ओट्यावर.

"शेठ, औषिद मारल्याली भाजी खाल्ली तर चालंल न्हवं?"

"धुऊन घे आणि खुशाल खा. तण मरतं, माणसाला काही होत नाही."

"तुमी म्हणताय म्हंजी झालं."

ती गेली. पपा स्वयंपाकघरात आले.

"उद्यापासून सारजाची भाजी घेऊ नकोस."

आईने विचारलं, "का?"

"नको म्हटलं ना."

दोन्ही मी ऐकलं. त्यांचा संबंध लागायला फार वर्षं गेली.

पुढे मावशीच्या गळ्याला गाठी आल्या. कॅन्सर. पुण्याहून परत आणली, पण फार दिवस राहिली नाही.

पपा मातीला जाऊन आले, आंघोळ केली आणि जेवायला बसले.

तणनाशकानेच झालं का? मोठेपणी एका डॉक्टरांना विचारलं. "एका पेशंटबद्दल असं सांगता येत नाही. शंकेला जागा आहे, इतकंच." मला ते मान्य आहे.

पण ती शंका पपांना तेव्हाच आली होती. त्यांनी ती फक्त आमच्या ताटापुरती ठेवली.

मी त्यांची लाडकी. त्यांनी मला जपलं, यात काही खोटं नाही.

आज तेच सोसत नाही.

सारजामावशी, तू त्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून जेवत राहिलीस.

आजचा नमस्कार तुला. श्रद्धांजलीही तुलाच.