पुट्टीखालची सही

मिस्त्री गिलाव्याची कंत्राटं घ्यायचे. हातात कसब, जीभ फटकळ आणि कागदाशी कायमचं वाकडं. वाढीव काम निघालं, की त्याचं माप ते तिथेच भिंतीवर पेन्सिलीनं लिहायचे आणि खाली मालकाची सही घ्यायचे. तीस वर्षं तेवढ्यावर निभावलं.

मग एका डॉक्टरनं दवाखाना बांधून घेतला आणि वाढीव कामाचं बिल पाहताच कानांवर हात ठेवले. मिस्त्री तडक वकीलबाईंकडे गेले.

"नोटीस पाठवू, नाहीतर दावा लावू," बाई म्हणाल्या. "पण काम त्यांनीच सांगितलं, याला पुरावा?"

"आहे की! जिन्याजवळच्या भिंतीवर त्यांची सही आहे."

"मग फोटो काढून आणा."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "उद्घाटनाची घाई होती. वरून पुट्टी मारली. मीच."

"हरकत नाही. कोर्टाकडून माणूस नेमून घेऊ. त्याच्यासमोर भिंत खरवडू."

"खरवडू?" मिस्त्री उसळले. "आरशासारखी भिंत आहे ती! खबरदार कुणी पत्रा लावलात तर!"

दावा लागलाच नाही. हल्ली मिस्त्री गुडघे दाखवायला त्याच दवाखान्यात जातात. डॉक्टरांनी फी मागितली, की उठता उठता म्हणतात, "लिहून ठेवा भिंतीवर."